टॅनर स्ट्रीटवर न झालेला रस्ता

हार्डिन फेरी, १२ मार्च १९७३

चि. एमिल यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. डोरोथीनं पाठवलेला स्वेटर पोचला. दोन मापं मोठा आहे. तुझ्या बायकोच्या डोळ्यांसमोर अजून परातभर हालुश्कीचे उंडे एकटीनं संपवणारी नणंदच आहे वाटतं. तरी घालते. नदीवरचा वारा मेला हाडं पोखरतो.

आता खरी गोष्ट. आपल्या नऊ नंबरच्या बसवर कागद चिकटवलाय. सप्टेंबरपासून बंद, कारण उतारू नाहीत! हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या आम्ही अकराजणी पहाटे साडेपाचला त्याच बसनं नदी ओलांडतो. कारखान्याच्या पाळीचे लोक वेगळेच. आम्ही उतारू नाही तर काय बटाट्याची पोती?

त्यातच टॅनर स्ट्रीटवरून सहापदरी रस्ता न्यायचं घाटतंय. उताराच्या टोकाची सोळा घरं गेल्या वर्षीच पाडली, आता पाळी आपल्या बाजूची. टेकडीपलीकडच्या साहेबलोकांना कचेरीत सात मिनिटं आधी पोचायचंय म्हणे. सात मिनिटांपायी बाबांनी पाळी संपवून, एकेक वीट लावून बांधलेलं घर पाडायचं.

उतारू मोजायला आलेला माणूस मी पाहिलाय. भट्टीच्या दुरुस्तीसाठी फेब्रुवारीत कारखाना दोन आठवडे बंद होता, नेमका तेव्हाच तो थांब्यापाशी गाडीत बसून डोनट चावत होता. आमच्यातल्या सिसिलियानं त्याला सांगितलं की दादा, भट्टी पेटल्यावर ये, तेव्हा तुझी बोटं पुरायची नाहीत. त्यानं काच वर केली.

तू रस्ते आखणाऱ्या कंपनीतला, याच धंद्यातला. ही मोजणी कुणाची ते मला काढून दे. त्याच्या तोंडावर जाऊन बोलायचंय मला.

डोरोथीला आशीर्वाद. मायेत खंड नको.

तुझी,
ल्युडमिलाताई


राजधानी, २ एप्रिल १९७३

ति. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझा राग पाकिटातूनच चटके देत होता. डोरोथी म्हणते की पुढचा स्वेटर ती तुझं माप घेऊनच विणेल, पण टेप धरायला माणूस तू दे.

ताई, हे काम कसं चालतं ते सांगतो, रागावू नको. असा मोठा रस्ता बांधला की दहा डॉलरमधले नऊ वॉशिंग्टनहून, केंद्र सरकारकडून येतात. बस चालवायची तर ड्रायव्हरचा पगार अन् तेल शहरानं आपल्या खिशातून भरायचं. मग कुठलं शहर बस धरून बसेल? यात कुणी दुष्ट नाही, नियमच तसे आहेत. मोजणीही ठरल्या पद्धतीनं होते. कुणी केली याच्या मागं लागून तुला काय मिळणार?

माझं ऐक. घराची भरपाई बरी मिळेल, ती घे आणि आमच्याकडे ये. मागची खोली रिकामीच आहे. गुडघे तुझे, जिने तिथले. किती दिवस चढणार?

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
एमिल


हार्डिन फेरी, १९ सप्टेंबर १९७३

श्री. एमिल ह्राब्चाक यांस,

आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही.

काल शाळेच्या व्यायामशाळेत रस्त्याची सुनावणी झाली. तुमच्या 'पार्कहर्स्ट अँड लील' कंपनीचे लील साहेब स्वतः आले होते. मऊ हात, सोन्याचं घड्याळ. त्यांनी नकाशावर काठी फिरवून आमच्या गल्लीला रोगट वस्ती म्हटलं. सिसिलियानं उठून विचारलं की रोग नेमका कुणाला झालाय, माझ्या खिडकीतल्या जिरेनियमला का? लोक हसले. साहेबही हसले, त्यानं मला जास्त किळस आली.

मग बसला उतारू नाहीत, तेव्हा रस्ताच हवा, असं म्हणत भिंतीवर मोजणीचा तक्ता लावला. मी चष्मा घालून जवळ गेले. नऊ नंबर, रोजचे उतारू सत्तेचाळीस. त्या साताच्या कमरेला आडवी रेघ होती. आपल्या बाबांनी जुन्या देशातल्या वळणानं आपल्याला शिकवली तशी. इथल्या शाळेत मास्तरीण ती खोडायची आणि तू हट्टानं पुन्हा काढायचास. खाली कोपऱ्यात ए. ह.

मोजणी कुणाची ते काढून दे, असं मी तुलाच लिहिलं होतं. आणि तू मला नियम शिकवलेस, मागची खोली देऊ केलीस. शी!

पहिल्या तारखेपासून बस बंद आहे. आम्ही पुलावरून पायी जातो, पन्नास मिनिटं. आमच्यातल्या हेलनला सातवा महिना आहे, तीही चालते.

ल्युडमिला


राजधानी, २७ सप्टेंबर १९७३

ति. ताईस सा. न.

सही माझीच आहे.

कारखाना बंद असल्याचं मला ठाऊक होतं. आकडे आले तेव्हा मी लील साहेबांना सांगितलं की ही मोजणी पुन्हा करायला हवी. ते म्हणाले की एमिल, रस्ता ठरलेला आहे, आपण फक्त कारण पुरवायचं. मी टेबलाशी परत आलो आणि तक्ता काढला. कुणी माझा हात धरला नव्हता. एकवीस वर्षांत त्या कचेरीत आपल्यासारख्या आडनावाचा मी एकटा. बढतीचं पत्र टेबलावर होतं. माझ्याजवळ एवढंच कारण आहे, आणि ते लिहितानाही माझी मला शिसारी येते.

एक सांगतो, ते उपयोगी पडेल. ऑगस्टमध्ये नवा कायदा झाला. शहरानं अन् राज्यानं मागितलं तर असा रस्ता रद्द होतो आणि तो पैसा बससाठी वळवता येतो. पण खोट्या मोजणीवर कुणी मागणार नाही. फेब्रुवारीचे मूळ कागद माझ्याजवळ आहेत, तुला पाठवू का?

क्षमा मागायचं तोंड नाही.

एमिल


हार्डिन फेरी, १ ऑक्टोबर १९७३

एमिल,

कागद मला नकोत. धुलाईवालीच्या हातात कागद दिसला की लोक विचारतात, कुठून चोरलास. सोळा तारखेला दुसरी सुनावणी आहे. जिथं तुझा तक्ता टांगला होता तिथंच येऊन उभा राहा आणि तोंडानं सांग. येणार नसशील तर पत्र पाठवू नकोस.

ल्युडमिला


राजधानी, ९ डिसेंबर १९७३

ति. ताईस सा. न. वि. वि.

त्या दिवशी सुनावणीत मोजणी खोटी असल्याचं सांगून मी घरी आलो, तेव्हा तू थाळीत दुसऱ्यांदा कोबी वाढलास. मी रात्रभर आगगाडीत तेच आठवत होतो.

कंपनीनं मला दुसऱ्याच दिवशी काढलं. लील साहेबांनी दारापर्यंत येऊन सांगितलं की तुझ्या जागी शहाणा माणूस असता तर आजारी पडून घरी बसला असता. या धंद्यात आता मला कुणी उभं करणार नाही. जानेवारीपासून एका तंत्रशाळेत गणित शिकवीन. डोरोथी म्हणाली की वीस वर्षांपूर्वी हे केलं असतंस तर घरच घेतलं नसतं, मग हप्ते फेडायची फिकीरही नसती. तिचं बोलणं असलंच.

रस्ता रद्द झाल्याचं पेपरात वाचलं. तो पैसा बससाठी मागायचं शहरानं ठरवलंय, तेही वाचलं. आता तुझ्या गुडघ्यांना आराम पडेल असं वाटतं.

तुझा,
एमिल


हार्डिन फेरी, २२ सप्टेंबर १९७४

चि. एमिल यास अ. उ. आ.

वि. वि. तुला वाटलं तितकं सोपं कुठलं व्हायला! बारा नव्या बस जुलैत आल्या. निळ्या, गुळगुळीत, मऊ गाद्यांच्या. आणि सात आठवडे जाळीच्या कुंपणामागे उभ्या राहिल्या. तो पैसा बस विकत घ्यायला चालतो, चालवायला नाही म्हणे! ड्रायव्हर ठेवायला शहर तयार नाही. आम्ही त्यांच्यासमोरून चालत कामावर जायचो. असल्या अकलेला काय म्हणावं? थुंकायलाही जागा शोधावी लागते.

शेवटी आम्ही ठरवलं, चालायचं नाही. अकराच्या अकराजणी थांब्यावर जाऊन बसलो, डबे उघडून. मुकादमानं निरोप धाडला की पगार कापीन. सिसिलियानं उलट निरोप दिला की काप, आणि त्याच कात्रीनं चादरीही काप, कारण धुतलेल्या मिळायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेच्या खोल्या बंद पडायची वेळ आली, तेव्हा हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी महापौरांना फोन केला. गेल्या सोमवारी नऊ नंबर सुरू झाली. दूरदृष्टीवर भाषण करून महापौर फीत कापायला पुढं झाले. ते माझा हात धरून फोटो काढायला लागले. मी हात सोडवून घेतला आणि त्यांना म्हटलं की बाजूला व्हा, आम्हाला उशीर होतोय.

एक राहिलं. उताराच्या त्या सोळा घरांत सुझाना पॅव्हलिकचंही होतं. म्हातारी आता लेकीकडे असते, तीन गावं पलीकडे. काल बसनं आली. सोळा घरांच्या जागी नुसतं गवत आहे, कंबरेएवढं. तिथं ती चपला काढून उभी राहिली आणि आपलं स्वयंपाकघर कुठं होतं ते पावलांनी शोधत बसली. तिला सापडेना. मग मला विचारलं की रस्ता कुठाय? मी म्हटलं, झाला नाही. तेव्हा ती म्हणाली की मग माझं घर कशाला पाडलं?

पुढच्या शनिवारी ती पुन्हा येणार आहे. तू ये, आणि तिला काय ते सांग. जेवायला इथंच, डोरोथीलाही आण.

वाट बघते.

तुझी,
ताई