गौरीचा नैवेद्य आणि यंत्रमाणूस

सासूबाई, वाचनालयातून आणलेल्या मासिकात आज पुन्हा त्या यंत्रमाणसाचं आलंय. पुढे घरोघरी तो भांडी घासेल, कणीक मळेल, बायकांची स्वयंपाकघरातून सुटका होईल, असं लिहिलंय. सुटका हा शब्द वाचला आणि कुळगावच्या घरातली ती गौर आठवली.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तुम्ही तर माझ्या लग्नाआधीपासूनच विधवा. नारळ खवायला, गूळ चिरायला आपण दोघी चालायचो; नैवेद्य शेगडीवर चढवायचा तो मात्र सवाष्णीनं, म्हणजे उल्हासनगरच्या धाकट्या जावेनं. त्या दिवशी ती येईना. दुपार व्हायला आली, गौर उपाशी, ओटीवर माणसं जमलेली, आणि आपण दोघी स्वयंपाकघराच्या दारात बसून. वेळ जावा म्हणून मी तुम्हाला यंत्रमाणसावरचं असंच काहीतरी वाचून दाखवत होते.

"उलट बोलत नाही ना? मग दोन आण," तुम्ही म्हणालात.

मला हसू आलं नाही. "त्यानं केलेला नैवेद्य गौरीला चालेल?"

"न चालायला काय झालं? त्याला ना सोयर ना सुतक."

"मग माझ्याच हाताला काय झालंय?"

ओटीवरच्या माना आपल्याकडे वळल्या. आता तुम्ही मला घराबाहेर काढता, असं वाटलं. तुमच्याशिवाय मला थारा नव्हता.

"जे माझ्या हाताला झालंय तेच," तुम्ही हळूच म्हणालात.

मग गुडघ्यावर हात टेकून उठलात, पदर खोचलात, तवा चढवलात. "घाटलं ढवळ. गुठळी झाली तर तुझी खैर नाही." पहिलं घावन फाटलं, दुसरं जाळीदार उतरलं. तेवढ्यात धाकटी आली आणि आपल्याला शेगडीपाशी बघून दारातच थबकली. "बघत काय राहिलीस? पानं घे," तुम्ही म्हणालात. ओटीवर बसलेल्या तुमच्या चुलतजाऊबाई न जेवता उठून गेल्या. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर दरसाल घावनं मीच घालते.

हे पत्र पोस्टात पडायचं नाही, म्हणून खरं ते सांगते. यंत्रमाणूस आलाच तर भांडी त्याची, कणीक त्याची, रोजच्या पोळ्याही त्याच्याच. खुशाल कर बाबा, म्हणेन. गौरीच्या दिवशी मात्र त्याला ओटीवर बसवीन. त्याचं काही चुकेल म्हणून नाही. माझीच हौस अजून फिटलेली नाही.