चौदा नंबरची कबर

१४ जून १९६१, एर्लेनरोड, जर्मनी

बारा नंबरच्या कबरीतून मणी निघाले! सत्तावीस. पिवळे, विटकरी, एक निळा. बाईच्या गळ्याशी जसेच्या तसे — दोरा कधीच कुजला, पण माळेचा आकार तसाच. प्रोफेसर हाग मातीत गुडघे टेकून बसले. मला म्हणाले, "हेर कोलेगे, यावर तुमची डॉक्टरेट होणार." पहिल्यांदाच कोलेगे, म्हणजे सहकारी! एरवी 'आमचा इंडर', आमचा भारतीय.

चर्चशेजारी गावकऱ्यांना सभागृह बांधायचंय. पाया खणताना हाडं लागली, म्हणून आम्ही इथे. फ्रँक लोकांची दफनभूमी, तेराशे वर्षांपूर्वीची. ओळीनं कबरी, सगळ्यांचे पाय पूर्वेला. चर्चच्या भिंतीत रोमन दगड, मागच्या टेकडीवर त्याहून जुना तट. आणि गाव केवढं — चाळीस उंबरे!

१६ जून

चौदा नंबर. हा ओळीत नाही. जेमतेम दोन फूट खोल, पालथा, गुडघे मुडपलेले. ठेवलेला नाही, ढकललेला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यावर तुटलेलं. हाडांची टोकं गुळगुळीत — म्हणजे जखम भरली, माणूस पुढे जगला. कमरेपाशी पत्र्याचं बटण, चार भोकांचं. टाचेपाशी रबराचा तुकडा.

सातव्या शतकात रबर!

प्रोफेसरांना हाक मारली. त्यांनी बटण उचललं, फुंकर मारली, कोटाच्या खिशात टाकलं. रबरही टाकलं. "उंदरांच्या बिळांतून वरचं खाली येतं. आल्झो, तेव्हा कबर सातव्या शतकातलीच."

"पण सांगाडा नीट पुरलेलाच नाही —"

"हेर कोलेगे, तुम्हाला मणी हवेत की रबर?"

मी मण्यांची वही उघडली. त्यांना तेवढं पुरलं.

१९ जून

क्रेब्स येऊन गेला. चर्चच्या मंडळाचा प्रमुख. शेजारचा गोठा त्याचा, शेत त्याचं, आमचे मजूर त्यानंच दिलेले, दुपारचं सूपही त्याच्याच घरचं. खड्ड्याच्या काठावर उभा राहून म्हणाला, "तुमच्याकडे जाळतात ना? बरं असतं. मागे काही राहत नाही." हसला. मीही हसलो. का हसलो?

जाताना म्हणाला, "त्या चौदामध्ये फार वेळ घालवू नका. तो आमच्यातला नव्हता."

तेराशे वर्षांपूर्वीचा माणूस आपल्यातला नव्हता, हे याला कसं ठाऊक?

२७ जून

पेपरात फोटो. माळ, प्रोफेसर, आणि कडेला माझा खांदा. खाली बातमी — एर्लेनरोडला चौदा सांगाडे सापडले.

२ जुलै, रविवार

काय झालं ते सगळं लिहून ठेवतो.

माझी बायको लतिका डार्मश्टाटहून पोळी-भाजीचा डबा घेऊन आली होती. तिला मणी दाखवत होतो, तेवढ्यात एक बाई आल्या. चाळिशीच्या, हातात पेपराचं कात्रण. नाव हलिना. पोलिश. र्युसेल्सहाइमला एका लाँड्रीत काम करतात. जर्मन आमच्यासारखंच — अडखळत, पण स्पष्ट.

त्यांचा भाऊ स्टेफान. युद्धात एकोणिसाव्या वर्षी पकडून इथे आणला, क्रेब्सच्या शेतावर राबायला. कडबाकुट्टीत डाव्या हाताची दोन बोटं गेली. पंचेचाळीस साली त्या शोधत आल्या, तेव्हा क्रेब्स म्हणाला — पळाला, गोळी लागून मेला. पुरला कुठे? माहीत नाही. तेव्हापासून सोळा वर्षं दर उन्हाळ्यात येतात, चर्चभोवती हिंडतात, जातात.

"तुम्ही सगळ्यांचे हात पाहिले असतील," त्या म्हणाल्या. आपली दोन बोटं दुमडून हात माझ्यापुढे धरला. "असा एखादा?"

क्रेब्स चर्चबाहेरच्या बाकावर बसला होता. ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

मी म्हटलं, "ही हाडं तेराशे वर्षांपूर्वीची आहेत."

"सगळी?"

"गेनाऊ, अगदी. सगळी."

गेनाऊ! प्रोफेसरांच्याच सुरात.

त्या गवतावर बसल्या. कात्रणाची घडी घातली. मग वर बघून म्हणाल्या, "तो इथे नाही, तर मग मेलाच असेल असं कशावरून?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "शक्य आहे. जिवंतही असेल." कोणी सांगितलं होतं मला?

लतिकानं त्यांना पाणी दिलं, डब्यातली पोळी दिली. बसमध्ये मला म्हणाली, "अहो, त्या बाईंशी बोलताना तुम्ही खाली का बघत होता?"

"ऊन होतं," म्हटलं.

३ जुलै

चौदा नंबर पेटीत भरला. चिठ्ठी मी लिहिली — पुरुष, वय सुमारे पंचवीस, सातवं शतक. प्रोफेसर म्हणाले, अक्षर सुरेख आहे.

१३ ऑगस्ट

बर्लिनमध्ये रातोरात तारांचं कुंपण घातलं. सगळे रेडिओला चिकटलेले. दिवसभर हाडांचा विषय कोणी काढला नाही. बरं वाटलं!

२० ऑगस्ट

लतिकाला सांगून टाकलं. बटण, रबर, हात — सगळं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवलं.

"अहो, उद्याच्या उद्या जा आणि त्यांना सांगा."

"आणि प्रोफेसर? राहण्याचा परवाना त्यांच्या पत्रावर मिळतो. डॉक्टरेट बुडाली तर? परत जाऊन मास्तरकी करू? तू आईच्या हाताखाली राहशील?"

"राहीन."

"तुला काय कळतंय यातलं! मॅट्रिक झालीस म्हणजे —" असं बोललो. लिहितानाही लाज वाटते. पण बोललो.

तव्यावरची पोळी जळत होती, तिनं जळू दिली. "त्या रडायला आल्या होत्या. तुम्ही त्यांना रडूही दिलं नाहीत. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं."

मी म्हटलं, "तू तिथे गेलीस, तर या घरात परत येऊ नकोस."

जाणार नाही. माहीत आहे मला. जाईल कुठे बिचारी, या देशात?

५ नोव्हेंबर, रविवार

फ्राऊ हलिना घरी आल्या! पत्ता लतिकानं त्या दिवशी दिला होता. खसखशीचा केक आणला. नवा कोट, ओठांना किंचित रंग. ओळखूच आल्या नाहीत.

मृतांच्या दिवशी दरवर्षी स्टेफानसाठी मेणबत्ती लावायच्या. यंदा लावली नाही. "जिवंत माणसासाठी कशी लावू?" हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या कचेरीला पत्र लिहिलंय. सोळा वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं — मेलेल्याला कशाला शोधायचं? आता लिहिलं. त्याच्यासाठी हातमोजे विणताहेत. डाव्या हाताला तीनच बोटं.

निघताना माझा हात धरून त्यावर ओठ टेकले. लतिका मोरीपाशी पाठमोरी उभी होती. वळली नाही.

केकला तिनं हात लावला नाही. मी दोन तुकडे खाल्ले. चांगला होता.

१८ जानेवारी १९६२

धीर करून प्रोफेसरांना विचारलं — चौदाबद्दल प्रबंधात एक तळटीप टाकू का? शंका आहे, एवढंच.

"जरूर टाका. मग दुसरा मार्गदर्शकही शोधा." चष्मा पुसला. "तुमचा परवाना कधीपर्यंत आहे हो?"

"मार्चअखेर."

"जा, जा," म्हणाले, आणि कागद चाळायला लागले.

तळटीप टाकली नाही.

१९ जानेवारी

डोकं दुखतंय. लतिका दिवसभरात तीन शब्द बोलली.

९ मे

झालो डॉक्टर! शेरा — फार चांगला. क्रेब्सनं डुकराची अख्खी तंगडी पाठवली, वर रिबीन बांधून. गावात सभागृहाचं उद्घाटन झालं. काचेच्या कपाटात माळ, खाली माझं नाव, स्पेलिंग चुकलेलं. बायका माळ बघून हरखत होत्या. चौदा नंबर तळघरात, मागच्या फळीवर.

लतिकानं शिरा केला. वाटी पुढे ठेवून म्हणाली, "अभिनंदन." परक्या माणसाला म्हणावं तसं.

मी चिडलो. म्हटलं, "फ्राऊ हलिना सुखात आहेत ना? माझ्यामुळेच आहेत!"

"हो," ती म्हणाली. "रोज पोस्टमनची वाट बघतात."

२१ मे

फ्राऊ हलिनांचं पत्र. स्टेफान जिवंत आहे. कॅनडात, दुसऱ्या नावानं. बायको आहे, दोन मुली आहेत. त्याला कोणी सांगितलं होतं, पोलंडमधल्या गावासकट घरचे सगळे जळाले, म्हणून त्यानंही कधी शोधलं नाही. हे सगळं तुमच्यामुळे, असं तीनदा लिहिलंय.

शेवटी स्टेफानची एक विनंती. क्रेब्सकडे त्याच्याबरोबर वासिल नावाचा एक मुलगा राबत होता. त्याच कडबाकुट्टीनं त्याचीही तीच दोन बोटं नेली. दोघं एकत्र पळाले, वासिल गोठ्यापाशीच मागे राहिला. त्याला जगात कोणी नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल विचारायला कोणी येणार नाही. तुम्ही शिकलेले आहात, एर्लेनरोडला तुम्हाला मान आहे — तुम्ही विचाराल का?