डाव्या पायाची गाडी

बाबा, तुम्ही असता तर हे तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नसती. नऊ वर्षं झाली तुम्हाला जाऊन, म्हणून लिहून राहिलो. मराठीतच लिहितो, कारण घरात हिंदीत काही मागितलं की तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवायचे. आता आई सोडली तर मराठी बोलायला कोणी नाही, आणि लहानी बहीण तर आईलाही हिंदीतच उत्तर देते. तेव्हा चुका होतील. तसंही तुम्ही माझ्या चुका मोजायला बसलात तर शब्दांपर्यंत पोचणारच नाही.

मी कॉलेज सोडलं हे तुम्हाला माहीत नाही. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात सोडलं, काहून सोडलं ते पुढं सांगतो. आता तेलीबांध्याच्या पुढं, नव्या रायपूरच्या रस्त्यावर, एका शोरूममध्ये आहे. जंगलात घालायच्या, डोंगरावर चढवायच्या गाड्या विकतो. तुम्ही सिलतऱ्याच्या कारखान्यात जी जीप चालवायचे तिची नातवंडं समजा, फक्त यांच्या अंगावर कधीच धूळ बसत नाही, रोज सकाळी पुसतात. शोरूमच्या मागं मातीचे उंचवटे, एक पाण्याचा खड्डा आणि आडवे टाकलेले ओंडके आहेत. गिऱ्हाईक तिथं दोन चकरा मारतं आणि आपण बस्तरचा घाट चढून आलो अशा चेहऱ्यानं उतरतं. मग सगळे एकच विचारतात. पेट्रोल की डिझेल, आणि गिअर हातानं टाकायचे की गाडीनं आपले आपण. दिवसातून दहादा मी तेच सांगतो. डिझेल इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच जोर धरतं, चढावर ओढतं, उतारावर मॅन्युअल गाडी इंजिननंच धरून ठेवता येते. पेट्रोल हलकं, शांत, चटकन पळतं. ऑटोमॅटिकला क्लच नाही, चिखलात-दगडांत गाडी कणाकणानं पुढं सरकवता येते, जोर तुटत नाही, नवशिक्यासाठी तर तीच बरी. हे सगळं खरं आहे आणि मी ते चांगलं सांगतो. महिन्याला सगळ्यात जास्त गाड्या माझ्याच जातात.

तुम्ही मात्र कोणालाच असं सांगितलं नसतं. कारखान्यात नवा ड्रायव्हर आला की तुम्ही त्याचं लायसन पाहण्याआधी त्याला चप्पल काढायला लावायचे. मग तो सीटवर बसायचा, तुम्ही दाराशी खाली उकिडवे बसायचे आणि त्याचा डावा पाय पाहायचे. दाब म्हणायचे, सोड म्हणायचे, परत दाब. घोटा कुठं अडतो, टाच उचलते का, पाय थरथरतो का, हे सगळं पाहून मग पाना घेऊन क्लच त्याच्या पायाप्रमाणे बसवून द्यायचे. लोक हसायचे. म्हणायचे, ये ड्राइवर रख रहे हैं कि दूल्हा देख रहे हैं. ते एक म्हातारे ड्रायव्हर होते, गुडघा आखडलेला, साहेब लोक त्यांना काढायच्या बेतात होते. तुम्ही पेडलवर लोखंडाचा ठोकळा वेल्ड करून घेतला, दोन बोटं उंच, आणि ते पुढं रिटायर होईपर्यंत चालवत राहिले. मी तुम्हाला विचारलं होतं की यानं गाडीची वाट नाही का लागणार. तुम्ही म्हणाले होते, "पहिले पाय पाह्य, मंग गाडी पाह्य. गाडी बदलते, पाय नाही बदलत."

आणि कारखान्यामागच्या राखेच्या मैदानातली ती सकाळही मला आठवते. मी पंधराचा. तुम्ही मला जीप शिकवून राहिले, मी चौथ्यांदा बंद पाडतो आणि रागानं दाराला लाथ मारतो. तुम्ही किल्ली काढून खिशात घालता. ओरडत नाही. म्हणता, "गाडीनं काय केलं तुयं? चुकला तुया पाय, अन् मार खाते गाडी." आणि मला तिथून घरापर्यंत चालत आणता, स्वतःही माझ्यासोबत चालत, भर उन्हात. घरी आईनं विचारलं जीप कुठं आहे, तर तुम्ही म्हणाले, पोट्ट्याचा राग थंडा होईपर्यंत तिथंच राहू दे. ते वाक्य तेव्हा मला गमतीचं वाटलं होतं. बाबा, तो राग थंडा झालाच नाही. तुम्ही वर्षभरात गेलात आणि मग किल्ली काढून घेणारं कोणी उरलं नाही.

कॉलेजात एक मुलगी होती. अभनपुरची, घरी धानाचा व्यापार. आपलं आडनाव सांगितलं की तिच्या घरात पुढचं बोलणं काय होईल हे तुम्हाला सांगायला नको, तिलाही ते माहीत होतं, मलाच फक्त मानायचं नव्हतं. एक दिवस मोटरसायकलवर मागं बसून तिनं सांगितलं की घरी मुलं पाहणं सुरू झालंय. एवढंच. मी गाडी पळवली. ती खांद्यावर मारत होती, म्हणत होती धीरे चला, धीरे चला ना. कालव्याच्या वळणावर लोकांनी रस्ताभर धान वाळत टाकलेलं. गाडी आडवी झाली ती तिच्या डाव्या पायावर. मला कोपराला खरचटलं. तिच्या घोट्यात पट्टी आणि सहा स्क्रू. घरी तिनं सांगितलं, हॉस्टेलच्या जिन्यावरून पडले. माझं नाव घेतलं नाही. मी दवाखान्यात गेलो तर म्हणाली, अब मत आना. दोन महिन्यांनी ती काठी घेऊन कॉलेजात आली तेव्हा एका पोट्ट्यानं मागून तिच्या चालीची नक्कल केली, आणि मी त्याचे दोन दात पाडले. मला वाटलं होतं ती पाहील. तिनं पाहिलं आणि तोंड फिरवलं, जणू मी परत एकदा तीच गाडी आडवी केली. कॉलेजनं मला एका महिन्यासाठी काढलं होतं. मीच परत गेलो नाही.

तीन वर्षांनी, या पावसाळ्याच्या शेवटी, ती शोरूममध्ये आली. सोबत ज्याच्याशी ठरलंय तो. नव्या रायपूरला सरकारी ऑफिसात आहे. मला तो वाईट निघायला हवा होता. नाही निघाला. तिच्यासाठी खुर्ची ओढली, मला पाणी मागितलं तेही पहिले तिला दिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "भैया, दोनों चलाकर देख सकते हैं क्या?" भैया. मी म्हणालो, हाँ मैडम, ज़रूर.

पहिले पेट्रोल, ऑटोमॅटिक. तो मागं बसला, मी तिच्या शेजारी. नव्या रायपूरचा रस्ता तुम्ही पाहिला नाही, एवढा रुंद आणि एवढा रिकामा की वाटतं अजून गावच यायचं आहे. तिनं डावा पाय दाराकडं दुमडून ठेवला, जसा माणूस घरी बसला की ठेवतो, आणि चालवत राहिली. मागच्या ट्रॅकवर उंचवट्यावरून गाडी हळूच उतरवली, पाण्यात घातली, बाहेर काढली. आणि हसली. बाबा, तीन वर्षांत मी तिचं हसू किती वेळा मनात बनवून पाहिलं, ते सगळं चुकीचं होतं. खरं याहून साधं होतं. मग डिझेल, मॅन्युअल. तिनं क्लच दाबला आणि मला तिचा घोटा दिसला. दाबताना वळत होता, सोडताना थरथरत होता. उंचवट्यावर गाडी बंद पडली. परत सुरू केली, परत बंद. तो मागून म्हणाला, अरे आदत हो जाएगी, आणि प्रेमानं म्हणाला. त्याला काय माहीत, त्याला तर जिना माहीत.

नंतर ती आत कागद भरायला बसली आणि त्यानं मला काचेपाशी नेलं. म्हणाला, आप तो रोज़ चलाते हो, सच-सच बताओ कौन सी लूँ. म्हणाला मित्र सगळे डिझेल मॅन्युअल सांगतात, पण तिलाही चालवायची आहे, लग्न झालं की तिची मम्मी अभनपुरला एकटी पडेल, आजारी असते, आणि तिला कोणावर अवलंबून न राहता आपलं आपण जाता यायला हवं. एवढं सगळं त्यानं स्वतःहून माझ्या हातात आणून दिलं. मला फक्त म्हणायचं होतं, ऑटोमॅटिक घ्या. पाय मी पाहिला होता. या अख्ख्या रायपूरात त्या पायाला माझ्याइतकं ओळखणारं दुसरं कोणी नाही.

मी म्हणालो, "डीज़ल मैन्युअल लीजिए सर. ऑटोमैटिक में क्या है, गाड़ी चलती है, आदमी बस बैठा रहता है."

तो हसला. मी आणखी बोललो, चिखलात ऑटोमॅटिक फसते म्हणालो, जे खोटं आहे, आणि घाटात मॅन्युअल बरी म्हणालो, जे अर्धं खरं आहे, आणि मॅडमला महिनाभरात सवय होऊन जाईल म्हणालो. मी काय करून राहिलो हे मला माहीत होतं. त्यानं आत जाऊन सांगितलं, तिनं मान हलवली आणि सही केली. निघताना मी दार धरून उभा होतो. तो पुढं गेला. ती माझ्यासमोर थांबली, खाली फरशीकडं पाहत म्हणाली, "तुमको तो पता था." आणि गेली. रागानं म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मले रागाशी बोलता येते. तिनं ते असं म्हटलं जसं कोणी भिंतीवर पाहून किती वाजले ते सांगतं.

त्या दिवसापासून मी स्वतःला कारणं देऊन राहिलो. पहिलं कारण दिलं की मी तिचं गुपित राखलं. पाय खराब आहे असं म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं तुला कसं माहीत, आणि जिन्याची गोष्ट उघडी पडली असती. पण पाय न सांगताही ऑटोमॅटिक सांगता येते, मी रोज सांगतो. दुसरं कारण दिलं की मला सूड घ्यायचा होता, त्याच्या गाडीत तिनं कधी स्टिअरिंगवर बसू नये, आणि बसलीच तर क्लचवर पाय ठेवताना दर वेळी मी आठवावा. हे कारण घाणेरडं आहे आणि म्हणून मला बरेच दिवस खरं वाटलं. घाणेरडं बोललं की माणसाला वाटतं आपण प्रामाणिक आहोत.

तिसरं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. पेट्रोल ऑटोमॅटिक यार्डात तयार उभी होती, आठ दिवसांत देऊन टाकली असती आणि ती परत कधी आली नसती. डिझेल मॅन्युअलसाठी तीन महिने वाट पाहायची होती. आणि आमच्याकडं नियम आहे की गाडी येईपर्यंत दर पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाला फोन करायचा. फॉर्मवर नंबर तिचा आहे. मी सहा फोन केले. मैडम, शोरूम से बोल रहा हूँ, अभी नहीं आई. ती म्हणते, ठीक है. एकदा मागं प्रेशर कुकरची शिटी वाजली, एकदा कोणीतरी खोकत होतं, तिची मम्मी असेल. एवढंच मिळतं. मधल्या काळात गाडी बदलून घेता आली असती, एका सहीचं काम होतं, दर फोनला ते जिभेवर यायचं. मी बोललो नाही. बदलली असती तर फोन संपले असते.

तुम्ही असता तर उठून, चप्पल घालून, त्याच्या ऑफिसात गेला असता आणि म्हणाला असता, साहेब, माझा पोट्टा खोटं बोलला. मी असा तुमच्यासारखा उठून पाहायचा प्रयत्न केला. दोनदा त्याच्या ऑफिसच्या गेटपर्यंत गेलो, चौकीदारानं विचारलं किससे मिलना है, आणि मी सांगितलं, ग़लत जगह आ गया. मला वाटतं माझ्याकडून एवढंच व्हायचं आहे या जन्मात. दुसऱ्याचा पाय मोडायचा आणि वर तो मोडलेलाच बरा आहे असं कागदावर भरून घ्यायचं. लग्न पुढच्या महिन्यात आहे. अभनपुरला ती आता कोणाच्या तरी मागं लागूनच जाईल, आज नको उद्या नेतो असं ऐकत, आणि तो माणूस चांगला असल्यामुळं तिला त्याच्यावर रागावताही येणार नाही.

हे कागद मी आईच्या हाती लागू नयेत म्हणून इथंच शोरूममध्ये, जुन्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात घालून ठेवतो. शनिवारी गठ्ठा फाडायला जातो.

एक राहिलं, बाबा. गाडी सोमवारी आली. पांढरी आहे. आज गुरुवार, आणि मी अजून तिला फोन केलेला नाही.