गाळलेला चंद्र

अण्णा, तुमच्यावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता, आता सांगून टाकतो. मी कोरकू, मेळघाटातला. सरकारी शिष्यवृत्तीवर बंगळुरात तुमच्या हाताखाली चंदनाचं कोरीवकाम शिकायला आलो आणि तुम्ही दोन वर्षं मला चंदनाला हात लावू दिला नाही. नुसतं सागवान. संध्याकाळी मात्र सगळ्यांबरोबर माझाही सदरा झटकायला लावायचात, चंदनाची ढलपी नेतोय का बघायला. "स्वल्प थांब रे," म्हणायचात, "हात अजून जंगली आहे तुझा." तो शब्द मी विसरलो नाही.

पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी फरशीवर कोळशाने चित्र काढलं होतं. आमच्यात माणूस गेला की सागाच्या फळीवर घोडेस्वार कोरतात, वर सूर्य आणि चंद्र, आणि फळी झाडाखाली उभी करतात. आजा कोरायचा, त्याच्याकडून मी शिकलो. तुम्ही बराच वेळ बघत उभे राहिलात, तसं मी ते पायाने पुसून टाकलं. पुढे साठ सालच्या सुमारास तुम्ही मला बाजूला घेतलंत. "तसली एक फळी मला कोरून दे. कुणाला बोलू नको." मी विचारलं, कुणासाठी? "ते नको विचारू. सरी, ठीक?" माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, हा माणूस आमचा मेलेल्यांचा घोडा शोकेसमध्ये मांडणार आणि खाली स्वतःचं नाव घालणार. नाही म्हणायची छाती नव्हती, शिष्यवृत्ती तुमच्या सहीवर चालायची. मग मी सगळं कोरलं आणि चंद्र तेवढा गाळला. चंद्राशिवाय ते आमच्या लेखी नुसतं लाकूड. तुम्ही फळीवरून अंगठा फिरवलात आणि सूर्याशेजारच्या मोकळ्या जागेवर थांबलात. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे चंदन ठेवलंत. मला ती लाच वाटली.

त्या चंदनावर माझं आयुष्य गेलं. हत्ती कोरले, देव कोरले, मानपत्रं मिळाली, आणि प्रत्येक प्रदर्शनात मी आधी तो घोडा शोधायचो. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मल्लेश्वरमच्या घरी आलो तोही खरं तर तपास करायलाच. तुमच्या लेकीने, अक्कांनी, कॉफी दिली. फळी देवघराशेजारी उभी होती, कुंकू लावलेली. "ही फळी आली त्या वर्षी आई गेली ना," अक्का म्हणाल्या. "अण्णा कामावर होते, शेवटची भेट झाली नाही. सोवळ्याच्या घरात हे काय म्हणून भावकी बोलली असती, म्हणून गुपचूप मागितलं तुमच्याकडून." तरी मला वाटलं, मी फळी परत मागेन म्हणून रचून सांगताहेत. जवळ जाऊन पाहिलं. सूर्याशेजारी चंद्र होता. चंदनाचा, नखाएवढा, खोबणीत असा बसवलेला की फटीत केस शिरणार नाही. तसा सांधा तुमच्याशिवाय कुणाला जमत नव्हता. म्हणजे फरशीवरचं चित्र तुमच्या ध्यानात होतं, माझी लबाडीही कळली होती, आणि त्यावर तुम्ही मला चंदन दिलंत. आमचे सदरे झटकणाऱ्या माणसाने ती ढलपी कुठून आणली, हा संशय तेव्हाही आलाच, काय करू, स्वभाव.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून पटाशांच्या पेटीत ठेवतोय. एक राहिलंच. निघताना अक्का म्हणाल्या, "चंद्र तर किती मन लावून केलात हो आईसाठी." मी हो म्हणालो.