आल्याची बिस्किटं

प्रिय टेस,

मार्केटिंगमध्ये वर कसं चढायचं, असं विचारलंस. ऐक: गिऱ्हाइकाला काय हवं, हे त्याच्याआधी आपल्याला कळलं पाहिजे. त्याच जोरावर तुझी आत्या ऑकलंडच्या बिस्किट कंपनीत मार्केटिंग प्रमुख झाली.

काल डनेडिनला तुझ्या आजोबांच्या दफनानंतरच्या चहाला जो तो घरून काहीतरी करून ताटात घेऊन आला. मी कंपनीची आल्याची बिस्किटं नेली, बाबांची आवडती. बाबांच्या शेजारची मॉरीन म्हणाली, "अगं, सहा वर्षांत त्यांनी एकही खाल्लं नाही. दात कुठे होते?"

दर ख्रिसमसला मी डबा पाठवायचे. फोनवर ते म्हणायचे, "झकास होती गं!"

हे पत्र मी टाकणार नाही. तुला फोनवर "मेहनत कर" म्हणेन.

ते "झकास" मी बिस्किटांच्या पुड्यावर छापलंय.

तुझी आत्या,
रोवीना