पंपाखालचा सांधा

तीर्थस्वरूप ताईंना,

तुमच्या एकुलत्या एक भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकले आहे असं धरून चाला. मांडीवर पाण्याने भरलेला रेडिएटर आहे आणि तो जरा कलला की आत बुडबुडे होतात.) तुमची कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? तुमच्याकडचं रंगकाम एकदाचं संपलं हे ऐकून फार आनंद झाला, म्हणजे व्हायला हवा होता. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. बाबांचं ब्लडप्रेशर उत्तम, गुडघा उत्तम, आणि भुकेचं तर विचारूच नका.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तीन प्रश्न विचारलेत. बाबा या वयात माझ्या टेबलाखाली उताणे का पडले आहेत, त्यांच्या तोंडात टॉर्च का आहे, आणि त्यांची बोटं हिरवी कशाने झाली. मी तेव्हा नेटवर्क गेल्याचं नाटक केलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. काय करणार, बाबा टेबलाखालून मला 'सांगू नको' अशा खुणा करत होते. रविवारी तुम्ही गाडी घेऊन त्यांना न्यायला येणार, त्याआधी सगळी हकिगत तुमच्या कानावर घालावी म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. शांतपणे बसून वाचा, आणि बाबांना काहीही झालेलं नाही हे आधीच सांगून ठेवते.

माझा छंद तुम्हाला माहीत आहेच. कोणी बागकाम करतं, कोणी विणतं, मी कॉम्प्युटर जुळवते. तयार आणायचा नाही. सुटे भाग आणायचे, स्वतः जोडायचे, आणि सगळं व्यवस्थित चालायला लागलं की पुन्हा उघडून बसायचं. (यातलं शेवटचं कलम तुमच्या बंधुराजांच्या अजून पचनी पडलेलं नाही.) माझं काम कॉम्प्युटरवर घरांची चित्रं तयार करण्याचं. एकेक चित्र तयार व्हायला तासभर लागतो, तेवढ्यात मशीन असं तापतं आणि पंखे असे घोंघावतात की बंधुराजांना माझी हाक ऐकू येत नाही, निदान ते तसं सांगतात. म्हणून यंदा मी पंखे कमी करून मशीन पाण्याने थंड करायचं ठरवलं. विजेच्या वस्तूत पाणी म्हटल्यावर तुमच्या कपाळावर किती आठ्या पडल्या ते मला इथून दिसतंय. पण घाबरू नका, गाडीच्या इंजिनात असतं तसंच हे. पंप पाणी फिरवतो, प्रोसेसरवर बसवलेल्या ठोकळ्यातून ते उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये जाऊन निवतं आणि परत फिरतं. नळ्या पारदर्शक, पाणी हिरवंगार. काम न करता नुसतं बघत बसावं इतकं सुरेख दिसतं, आणि मी पुष्कळदा तेच करते.

आता बाबांचं. तुमच्याकडे रंगाचा वास सोसेना म्हणून ते पंधरा दिवसांसाठी इथे आले, त्याला आता महिना उलटून गेला. पहिले आठ दिवस खिडकीपाशी खुर्चीत बसून काढले. चहा करू का म्हटलं तर 'चालेल', नको का म्हटलं तरी 'चालेल'. चाळीस वर्षं ज्यांनी लोकांच्या घरी नळ जोडले, हक्काने बादल्या मागून घेतल्या, ते स्वतःच्या मुलाच्या घरात पाण्याचा पेला मागायला संकोचत होते. मला ते बघवत नव्हतं, पण करावं काय तेही सुचत नव्हतं. नवव्या दिवशी माझा पंप गुरगुरायला लागला. मी दोन दिवस इंटरनेट पालथं घातलं, अनोळखी लोकांशी वाद घातले, पंपाला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. तिसऱ्या दिवशी खुर्चीतून शांत आवाज आला, की हवा धरलीय. मग बाबा उठले, कॉम्प्युटरची पेटी एका बाजूला कलती केली आणि नळीवर बोटाच्या पेराने तीनदा टकटक केलं. भला मोठा बुडबुडा पंपावरच्या छोट्या टाकीत येऊन फुटला आणि पंप चिडीचूप झाला. हे कोणत्या अडाण्याने जोडलंय, असं त्यांनी मला विचारलं. मीच जोडलंय हे कळल्यावर त्यांनी चष्मा मागवला.

तिथून पुढे, ताई, माझ्या कॉम्प्युटरवर माझं काही चाललं नाही. त्यातले सांधे हाताने आवळायचे असतात, आत रबरी रिंग असते, पान्याची गरज नसते, हे मी परोपरीने सांगितलं. हाताने आवळायला ही काय बरणी आहे, असं म्हणून ते खाली गेले आणि कोपऱ्यावरच्या मोटार मेकॅनिककडून पाना घेऊन आले. पहिल्याच फेऱ्यात माझ्या नव्याकोऱ्या ठोकळ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. माझं तोंडचं पाणी पळालं. बाबा लगेच खाली जाऊन पाना परत देऊन आले. संध्याकाळी हळूच म्हणाले की त्यांच्या हाताला लोखंडाची सवय आहे, प्लास्टिकची नाही, आणि मी शिकवलं तर ते शिकतील. मी शिकवलं. दुसऱ्या दिवशी ते मला शिकवायला लागले.

ज्या लाइनला सगळ्यात खाली नळ नाही ती लाइन कसली, पाणी काढणार कुठून, हा त्यांचा पुढचा मुद्दा. मी खरं तर अख्खी पेटी उचलून न्हाणीघरात उलटी करणार होते, पण हे कबूल करण्याची सोय राहिली नव्हती. म्हणून आता माझ्या कॉम्प्युटरला एक छोटा पितळी नळ आहे. बाबा तो रोज पुसतात. त्याच आठवड्यात तुमचे बंधुराज ऑफिसला निघता निघता 'हा कशाला' असं म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी तो फिरवला. प्लंबरच्या पोटी जन्मलेल्या माणसाने नळ दिसला तर आधी खाली बघावं, पण नाही. खाली त्यांचेच बूट होते. डावा बूट काठोकाठ भरला आणि उजव्याला थेंब लागला नाही, यावरून ते अजून मला बोलतात, जणू मीच नेम धरला होता. बाबा मात्र टेबल धरून धरून हसले. आई गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि बुटांचं मला काहीच वाटेनासं झालं.

आता राहिली शेवटची परीक्षा. त्यात बाकी सगळं बंद ठेवून फक्त पंप चालवायचा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यूपेपरची घडी ठेवायची, आणि चोवीस तास एकही घडी ओली झाली नाही तर आपण जिंकलो. आमचे सांधे अठरा. सतरा ठणठणीत कोरडे. पंपाखालचा अठरावा मात्र तीन आठवडे नाकी नऊ आणतोय. बाबा सकाळी फिरून येतात, घडी उचलतात, तर तिच्यावर हिरवा ठिपका. मग टॉर्च तोंडात धरून टेबलाखाली शिरतात, रिंग बदलतात, आवळतात. दिवसभर कोरडं. दुसऱ्या सकाळी पुन्हा ठिपका. त्यांनी हवामानाला दोष देऊन पाहिला, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या शिलाई मशीनच्या हादऱ्यावर संशय घेतला, त्यांच्याकडे जाऊन तासभर मशीन बघून आले आणि येताना तेही दुरुस्त करून आले. (मी सध्या बंधुराजांच्या लॅपटॉपवर काम करते. ते स्वतःचं काम फोनवर करतात आणि डोळे दुखतात म्हणतात.)

असा सगळा प्रकार आहे. हिरवं काही विषारी नाही, साबणाने चार दिवसांत जातं. औषधं मी वेळच्या वेळी देते, टेबलाखाली जाड सतरंजी घातली आहे, आणि काळजीचं काहीही कारण नाही. भाऊजींना नमस्कार सांगा.

तुमची (अजून रागावला नसाल तर) लाडकी भावजय

ता. क. मुख्य गोष्ट वर लिहायची राहून गेली. रविवारी येऊ नका. अर्धवट काम टाकून आजवर कुणाच्या घरातून निघालो नाही, सांधा कोरडा झाला की त्याच दिवशी निघतो, असं बाबांनी मला बजावून सांगितलं आहे. सांधा काही कोरडा होत नाहीये.

ता. क. २. ताई, हे फक्त तुमच्यापाशी ठेवा. सांध्यात काही दोष नाही. बाबा सकाळी फिरायला गेले की मी तो थोडा ढिला करते. (त्यांनी आवळलेला असतो, त्यामुळे दोन्ही हात लावावे लागतात.) तुमचं रंगकाम संपल्याचा फोन आला त्या दिवसापासून हे चाललंय. म्हाताऱ्या माणसाला फसवण्याची लाज वाटते, पण आवळून झाल्यावर ते टेबलाखालून बाहेर येतात ना, तो चेहरा तुम्ही एकदा बघा. आणि खोटं कशाला बोलू, मलाच ते इथे हवे आहेत. माझ्या वडिलांनी मला कधी पाना हातात धरू दिला नाही. बाबा 'नीट धर, हात काय कापतोय' म्हणून माझ्यावर खेकसतात आणि मला इतकं बरं वाटतं की काय सांगू. पत्र त्यांच्याच हाती पोस्टात टाकायला देतेय, पण पाकीट डिंक लावून पक्कं बंद केलंय, तेव्हा निर्धास्त असा.

ता. क. ३ (पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात). बाळ, डिंक ओला होता. ओला सांधा उघडायला मला पाना लागत नाही. मी आवळलेला सांधा आपोआप ढिला होत नसतो, हे मला पहिल्याच सकाळी समजलं. पोरगी पाऊण फेरा ढिला करते, पाव फेरा पुरतो. असंच करत राहिली तर आटे झिजतील. तू तिला काही बोलू नकोस, मी बघतो काय करायचं ते. तुझ्याकडे मला कधी काही कमी पडलं नाही. खुर्ची होती, औषध वेळेवर होतं, तू होतीस. पण तुझ्या घरात काहीच गळत नाही, बाळ. रविवारी ये, न्यायला नको, नुसती ये. येताना कपाटातले माझे लोकरीचे कपडे घेऊन ये. थंडीला अजून पाच महिने आहेत, ठाऊक आहे मला.