कापूस जाऊ दे

चाचा, तुमची लेक परवा दुकानात आली होती. आता तिच्याही केसांत पांढरं दिसतं. नातवाला दाखवायला अब्बांचा एखादा फोटो आहे का, असं तिनं जरा संकोचतच विचारलं. तुम्ही गेलात, आणि अख्ख्या नांदुऱ्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा घरात एकही फोटो नाही. तुम्ही भिंतीवर कधी फोटो लावू दिला नाहीत, आणि लग्नात कुणी 'चाचा, तुम्ही पण या' म्हटलं की कॅमेऱ्यामागे आणखीच दडायचात. बघते, म्हणून मी तिला वाटेला लावलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. आजकाल बसले की उठवत नाही. गुडघे बोलतात, आणि लग्नाचे फोटो आता लोक मोबाईलवरच उरकतात.

नाही म्हणायला एक फोटो होता, पण तो माझ्याच हातून बिघडलेला. आपल्या दुकानात डिजिटल कॅमेरा नवा होता, शिवारात बीटी कापूसही तसा नवाच. हळदीला, डोहाळजेवणाला फोटो काढायला बाईच हवी, म्हणून तुम्ही मला ठेवून घेतलंत आणि पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याची चकती मॅन्युअलवर फिरवून वर चिकटपट्टी लावलीत. काय हा छळ, असं वाटायचं मला. सगळं जग नुसतं बटण दाबतंय आणि मी आपली शटर बघतेय, छिद्र लहानमोठं करतेय, चौकटीच्या तळाशी नाचणारा, मधोमध आला की उजेड बरोबर म्हणणारा तो काटा सांभाळतेय. तुमचं म्हणणं एवढंच, की या डब्ब्याला सगळी दुनिया राखाडी वाटते, त्याला कापूस माहीत नाही; पांढरं दिसलं की तेही तो राखाडी करून टाकतो.

एका बियाणेवाल्याला बोर्डासाठी फोटो हवा होता, बोंडांनी लदलेलं शेत आणि मधे शेतकरी. आपण सकाळीच त्या शेतात जातो. शेतकरी कपडे बदलायला घरी गेलेला असतो, म्हणून त्याच्या जागी तुम्ही उभे राहता. मी काटा बरोब्बर मधोमध आणते, बटण दाबते आणि मोठ्या खुशीत तुम्हाला पडद्यावर दाखवते. कापूस मळकट, पावसानं भिजल्यासारखा. आणि टोपीखाली तुमचा चेहरा म्हणजे नुसता काळा डाग.

"काटा मधात आणला त तू काय केलं, पोरी? इतकं त हा डब्बा बी करते." तुम्ही आवाज चढवला नव्हता, तरी मला रडू आलं. पुसून टाक तो, म्हणालात.

तेवढ्यात शेतकरी आला, धुतलेला सदरा घालून, तेल लावून, भांग पाडून. चेहऱ्यावरचा उजेड धरला तर मागचा कापूस पार उडून जाईल, बियाणेवाल्याला काय सांगायचं, असं मी हळूच विचारलं. त्या दिवसांत आपल्याकडे एक काम फार वाढलं होतं. खेड्यांतून लोक यायचे, सोबत लग्नाचा ग्रुप फोटो असायचा, आणि त्यातला एक माणूस वेगळा कापून, मोठा करून, हार घालण्याजोगा करून द्यायचा असायचा. बहुतेकांचा दुसरा फोटोच नसायचा. तुम्ही त्या शेतकऱ्याकडे बघत राहिलात.

"कापूस जाऊ दे. मानसाले पाह्य."

मी शटर हळू केलं, काटा पुढं सरकू दिला. चेहरा स्वच्छ आला, डोळ्यांतल्या चमकेसकट. बियाणेवाल्यानं, मागं नुसता चुना फासलाय, म्हणून तो फोटो नाकारला. तुम्ही फ्रेम करून शेतकऱ्याला देऊन आलात. काही वर्षांनी तो माणूस गेला, तेव्हा त्याच्या घरच्यांना ग्रुप फोटो शोधत बसावं लागलं नाही.

तुमचा तो बिघडलेला फोटो मी पुसला नव्हता. राहून गेला, जुन्या फोटोंत. काल शोधून काढला आणि कॉम्प्युटरवर उजेड वाढवत नेला. कापूस विरघळला, शेत पांढरंफटक झालं, आणि त्या काळ्या डागातून एक दाणेदार चेहरा हळूहळू वर आला. तुमच्या लेकीला बोलावून घेतलं. तिनं वाकून पाहिलं. "हाव, हेच अब्बा," म्हणाली आणि ओढणी डोळ्यांना लावली. मी प्रिंट काढून दिली.

हे पत्र लिहून मी कुठं टाकणार? कॅमेऱ्याच्या बॅगेत राहील. चिकटपट्टी केव्हाच निघून गेली, चकती आता ऑटोवरच असते. पण सांगायचं ते वेगळंच आहे. तिनं तुम्हाला लगेच ओळखलं. मला नाही ओळखता आलं, चाचा. माझ्या मनातले तुम्ही कसे ताठ आणि तरतरीत होतात. हा माणूस तर इतका थकलेला आहे की त्याला कुणीतरी खाली बसा म्हणायला हवं होतं. मी समोरच होते. काटा मधोमध आणत होते.